पबमध्ये जायचं वय गेलं हे तुम्हाला कधी कळलं?

सोनचाफा

काल टीमची पार्टी होती. बालेवाडी हाय स्ट्रीटवरचा एक पब. दारात बाउन्सर एकेकाचं आधार कार्ड बघून आत सोडत होता. माझी पाळी आली म्हणून मी पर्समध्ये हात घातला, तर तो अदबीने बाजूला सरकून म्हणाला, "या मॅडम, पायरी आहे, सांभाळून." माझ्या मागच्या पोराला मात्र अडवलं.

आत मिट्ट काळोख. मेन्यू कार्ड नाहीच, टेबलावर चिकटवलेला क्यूआर कोड. चष्मा गाडीत. मी मोबाइल हात लांब करून धरतेय हे बघून आमच्या ट्रेनीला दया आली. "मॅम, मी वाचून दाखवते," म्हणाली आणि तिने शाळेतल्या प्रकटवाचनासारखी अख्खी यादी खणखणीत आवाजात वाचली. गाणं एकही ओळखीचं नाही. एक वाटलं ओळखीचं, ते आमच्याच वेळचं निघालं, पण दुप्पट वेगात आणि मधलं कडवं उडवलेलं. साडेदहाला जांभया सुरू झाल्या. अकराला बिल भरून (कार्ड अर्थातच माझं) निघाले. सगळे "मॅम, थांबा ना" म्हणाले. मी पार्किंगपर्यंत पोचले तोवर वरून जो जल्लोष ऐकू आला, तो माझ्या जाण्याचाच असावा असा मला दाट संशय आहे.

अहो, मी अशी नव्हते. १९९९-२००० मध्ये आमच्या हॉस्टेलचं गेट दहाला बंद व्हायचं. मग शनिवारी रजिस्टरमध्ये 'स्थानिक पालकांकडे मुक्काम' लिहायचं आणि कायनेटिकवर ट्रिपल सीट कॅम्प गाठायचं. ईस्ट स्ट्रीटवरचं थाउजंड ओक्स आठवतंय का कुणाला? खिशात पैसे नसायचे, एक कोल्ड्रिंक तिघींत. पहाटे नळ स्टॉपला पोहे आणि चहा. तिथून थेट सोमवारच्या सबमिशनला बसायचं, झोप वगैरे भानगड नाही.

तर सांगा, तुम्हाला कधी जाणवलं? आणि आठवतं ते नक्की काय? 'वय हा फक्त एक आकडा आहे' असं लिहायचं असेल त्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.

खवचट

पहिला नंबर माझा.

महाराष्ट्रात बिअरला २१ पूर्ण लागतात, व्हिस्कीला २५. पस्तिशीला पोरं काका म्हणायला लागतात. म्हणजे सरकारी हिशेबाने माणसाला एकूण दहा वर्षं मिळतात. त्यातली चार माझी कंपनीने ऑनसाइटला पाठवून खाल्ली.

पेठकरीण

मला 'रेट्रो नाइट'चं पोस्टर बघून कळलं. मला वाटलं किशोर-आशा असतील, त्या बेताने गेले. २००५ची गाणी होती. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत आहेत ती.

कल्याणस्लो

सोनचाफा, हॉस्टेलच्या गेटचं वाचून एकदम भरून आलं. आमचं गेट म्हणजे शेवटची लोकल.

पहिली नोकरी फोर्टात, नव्वदीच्या मधली वर्षं. ऑफिसातल्या चौघी-पाचजणी, मी एकटी कल्याणची. कुलाबा-चर्चगेट भागात कुठे गेलं तरी बाराला माझं लक्ष घड्याळाकडे. बाकीच्या दादर-माटुंग्याच्या, त्यांची टॅक्सी व्हायची. शेवटी एकदा ठरवलं की शेवटची गाडी सोडायचीच आणि पहिलीने घरी जायचं. घरी सांगितलं, क्लोजिंग आहे, रात्र होईल. मार्च महिना होता, त्यामुळे बाबांना खरं वाटलं.

खरं सांगू? आत काय वाजलं, काय नाचलो, यातलं काहीही मला आज आठवत नाही. आठवतं ते बाहेर पडल्यावरचं. क्लब बंद झाल्यापासून पहिली लोकल सुटेपर्यंतचा वेळ. चपला हातात घेऊन मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायचं. सायकलवर चहाचा थर्मास घेऊन फिरणारा माणूस यायचा, हवालदार येऊन काठी आपटून उठवायचा, आम्ही शंभर पावलं पुढे जाऊन पुन्हा बसायचो. कान असे बधिर झालेले असायचे की ओरडून बोलावं लागे, आणि त्यात सगळी गुपितं बोलून व्हायची! मग चालत व्हीटी. चारनंतरच्या गाडीत मासेवाल्या आणि आम्ही. एकीने मला विचारलं होतं, "कुठली हळद गं?" माझ्या तोंडाला चमकी लागलेली होती.

आता मुलगी ओला-उबर करून येते, मी गाडी नकाशावर बघत जागी असते. चांगलंच आहे, सुरक्षित आहे. पण तिला ती अडीच-तीन तासांची मधली वेळ कधी मिळायचीच नाही.

सातारी_कंदी

आमच्याकडं कुठला पब आलाय. आमचा क्लब म्हणजे वरात आणि गणपती. बेंजो पार्टी, हलगी, नंतर डॉल्बी आली. पण दुखणं तेच आहे बरं का ताई. पहिले मी बेंजोच्या पुढं असायचो. मग मधे आलो. मग कडेला. गेल्या वर्षी चुलतभावाच्या वरातीत पोरांनी माझ्या हातात पाण्याच्या बाटल्यांचा बॉक्स दिला आन् म्हणाली, "दादा, तुम्ही टेम्पोत बसा." मी म्हटलं बसतो. बसलो पण. पण नागीण सुरू झाली आन् टेम्पोत बसल्या बसल्या रुमाल कधी दातात धरला, माझं मलाच कळलं नाही.

पेठकरीण

@सातारी_कंदी, हा धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद आहे, मतदान बंद.

कानसेन

मी कान-नाक-घशाची डॉक्टर. रोज निम्मे पेशंट 'हल्ली पबमध्ये आवाज फार वाढवतात' म्हणतात. थोडं खरं, बरंचसं नाही.

वय वाढलं की आधी उंच पट्टीचं ऐकू येणं कमी होतं. स, श, फ, त ही अक्षरं तिथेच राहतात. त्यामुळे शांत खोलीत सगळं नीट ऐकू येतं, पण गोंगाटात समोरचा नुसते ओठ हलवतोय असं वाटतं. मग माणूस 'हो हो' करत मान डोलावतो आणि दमतो. तासाभरात जो थकवा येतो ना, त्यात हे ऐकण्याचे कष्ट बरेच असतात.

आवाजाचं गणितही सांगून ठेवते. ८५ डेसिबल आठ तास चालतं असं धरतात. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं, आणि क्लबात १०० सहज असतं. कल्याणस्लो, तुमचे बधिर कान गमतीचे नव्हते. त्यातलं थोडं थोडं परत आलेलंच नसतं.

जांभईचंही कारण आहे. विशीपर्यंत शरीराचं घड्याळ मागे मागे सरकतं, नंतर उलट फिरतं आणि लवकर झोप यायला लागते. आणि दारूचं म्हणाल तर वयाबरोबर शरीरातलं पाणी कमी होतं, तेवढीच घेतली तरी रक्तात जास्त दिसते. पूर्वी तीन पचायच्या, आता दीडमध्ये दुसरा दिवस जातो, यात तुमच्या चारित्र्याचा काही दोष नाही.

खवचट

डॉक्टर, आपल्याकडे मद्याचा परवाना 'आरोग्य राखण्यासाठी' म्हणून मिळतो. १९४९च्या दारूबंदी कायद्याची कृपा. तुम्ही सरकारविरुद्ध बोलताय.

गिरणगावकर

वाचत होतो, लिहावं की नाही ठरत नव्हतं.

माझे वडील फिनिक्स मिलमध्ये होते. १९८२चा संप, त्यानंतर जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. नव्वदीच्या शेवटी त्याच आवारात बोलिंग आणि फायर अँड आइस नावाचा नाइटक्लब आला. माझी तेव्हा नवी नोकरी, ऑफिसच्या ग्रुपबरोबर गेलो. धुराडं तेच, आत धूर यंत्रातला. मी नाचलो, मजा केली, खोटं कशाला बोलू. घरी सांगितलं नाही. बाबांना नंतर कुणीतरी सांगितलंच. त्यांनी एवढंच विचारलं, "आत कुठल्या बाजूने सोडतात?" मी सांगितलं. ते म्हणाले, "हां, म्हणजे तिथे आमचं टाइम ऑफिस."

तेव्हापासून तारुण्याची आठवण काढली की मला ते टाइम ऑफिस आठवतं. आणि २०१७च्या डिसेंबरात कमला मिलच्या आवारातल्या पबला आग लागून १४ जण गेले, त्यानंतर कुठेही गेलो तरी आधी मागचं दार कुठे आहे ते बघतो. बायको म्हणते, म्हातारा झालास. होय, झालो.

कल्याणस्लो

🙏

नवी_पालवी

वय २४. बिचकत लिहितेय, मारू नका.

तुम्हाला वाटतं तेवढी आमची चैन नाहीये. मला १९-२०च्या मुलींसमोर आत्ताच जुनाट वाटतं. एका रात्रीचा खर्च चौघांत वाटला तरी महिन्याच्या पेट्रोलएवढा. पुण्यात कल्याणीनगरच्या मे २०२४ मधल्या अपघातानंतर धाडी पडल्या, बरेच पब सील झाले, तेव्हापासून घरच्यांना 'पब' शब्दही चालत नाही. मी 'डिनर' म्हणते. (रजिस्टरमधल्या मुक्कामाची वारस आहे मी.)

पण तुमचा एका गोष्टीसाठी हेवा वाटतो. तुम्ही वाईट नाचायचात आणि ते कुठे राहिलं नाही. आमच्यात कोण ना कोण फोन वर धरून असतं. मी फ्लोअरवर असले तरी अर्धं लक्ष त्या फोनकडे. एकदा मी मनापासून नाचले, दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या ग्रुपवर आठ सेकंदांचा व्हिडिओ फिरत होता. हसण्यासाठीच होता, कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण नंतर मी हात खांद्याच्या वर नेत नाही.

सोनचाफा

नवी_पालवी, अगं, मारतंय कोण. हा विचारच केला नव्हता. माझा तेव्हाचा एकही फोटो नाही, आणि मी त्याबद्दल आजवर हळहळत होते.

मांडवी

गोंयच्यान नमस्कार. तुम्ही सगळे इथे येऊन तरुण होता आणि आमची झोप उडवता, ते आधी नोंदवते. 😄

बागाचं टिटोज १९७१ पासून आहे. माझ्या लहानपणी बाबा त्याला 'ते किनाऱ्यावरचं' एवढंच म्हणायचे. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद हा नियम आल्यावर पाळोळेला लोकांनी हेडफोन लावून नाचायची युक्ती काढली. बाहेरून बघा एकदा. चंद्रप्रकाशात दोनशे माणसं नाचतायत आणि ऐकू येतो फक्त समुद्र आणि पायांची फरफर. पहिल्यांदा बघून माझ्या आईने क्रूस काढला.

पण सांगायचं वेगळंच आहे. आमच्याकडे गावच्या फेस्ताला किंवा लग्नाला बँड लागला की फ्लोअरवर वय कुणी बघत नाही. आजी नातवाबरोबर, तात्या विहिणीबरोबर, पाच वर्षांची पोरं सगळ्यांच्या पायांत. कार्निव्हलच्या शेवटच्या दिवशी पणजीत क्लुब नासियोनालचा रेड अँड ब्लॅक डान्स असतो, तिथे सत्तरीची जोडपी लाल-काळे कपडे शिवून येतात. माझी मावशी गुडघ्याचं ऑपरेशन कार्निव्हलनंतर ठेवते. 'वय गेलं' ही तुमच्या शहरातली भानगड आहे. तिथे एकाच वयाची माणसं एका खोलीत कोंडतात, मग दुसऱ्या वयाचं माणूस आलं की त्याला पायरी दाखवतात.

हाउन्स्लोकर

इंग्लंडात यावर तोडगा निघालाय. डे फीव्हर नावाचा प्रकार आहे, २०२३च्या डिसेंबरात शेफील्डला सुरू झाला, आता गावोगावी असतो. दुपारी ३ ते रात्री ८, तिशीच्या पुढच्यांसाठी. बायको ओढत घेऊन गेली. मी कुरकुरत गेलो, तर आत सगळ्या माझ्याच वयाच्या बायका चमचमते कपडे घालून बेभान नाचत होत्या. नवरे भिंतीला. साडेनऊला घरी येऊन खिचडी लावली. दुसऱ्या दिवशी डोकं ठणठणीत.

एक मात्र आहे, बाहेर पडलो तेव्हा जून असल्यामुळे लख्ख ऊन. पाप केल्यासारखं वाटतच नाही, त्यामुळे थोडी चव कमी.

टर्नटेबल

बराच वेळ वाचतोय. मी दुसऱ्या बाजूने सांगतो. १९९५ ते २०११ मुंबई-पुण्यात डीजे होतो. आता वय ५३, साउंड सिस्टिम भाड्याने देतो.

पहिली काही वर्षं गाणी मिळणं हेच काम होतं. मर्चंट नेव्हीतला एक मित्र बाहेरून रेकॉर्ड आणायचा, मी सहा महिने आधी यादी द्यायचो. तो सिंगापुरात उतरला की दुकानदार जे देईल ते आणायचा. त्यामुळे अख्ख्या शहरात एखादं गाणं एकाच माणसाकडे, असं व्हायचं. लोक टिश्यू पेपरवर फर्माईश लिहून पाठवायचे. ओला झालेला टिश्यू, त्यावर पसरलेलं बॉलपेन. नंतर नंतर लोक मोबाइलचा पडदाच तोंडासमोर धरायला लागले. टिश्यू निदान 'हरवला' म्हणता यायचा.

आणि एक गुपित. तुम्ही घामाघूम होऊन नाचताय, फ्लोअर खच्चून भरलाय, की मॅनेजर लांबून टॉर्च मारायचा. म्हणजे बारवर कोणी नाही, यांना खाली उतरव. नाचणारा माणूस पीत नाही. मग मी मुद्दाम असं गाणं टाकायचो की निम्मे पाय थांबतील. तुम्ही 'मूड गेला' म्हणत बारकडे जायचात. गल्ला झाला की पुन्हा टॉर्च, दोन वेळा. 'ती एक रात्र काय उठाव घेत गेली' असं तुम्ही आज म्हणता ना, तो उठाव पुष्कळदा टॉर्चचा होता.

२ ऑक्टोबर २००८ला सार्वजनिक जागी सिगारेट बंद झाली, तेव्हाची गंमत तर कुणी लिहिलेलीच नाही. तोवर धुराखाली सगळं झाकलेलं होतं. बंदी आली आणि क्लबाला क्लबाचा खरा वास यायला लागला. घाम, सांडलेली बिअर, गालिचा. मालकांनी त्या महिन्यात अगरबत्त्या लावल्या होत्या, देवाशप्पथ.

आता जे लिहितोय त्याचा राग येईल. कन्सोल उंचावर असतं, मला सगळा हॉल दिसायचा. नाचणारे किती असतात? फार तर एक तृतीयांश. बाकीचे ग्लास धरून कडेला, मान हलवत, दार आणि घड्याळ बघत. विशी-बाविशीची पोरं, तरणीताठी. ज्यांना आत आल्यापासून घरी जायचं होतं, पण पहिल्यांदा कोण निघणार म्हणून थांबलेली. आता जे 'आमच्या वेळी काय धमाल' म्हणतात ना, त्यातली बरीच मी भिंतीला बघितलेली आहेत.

सोनचाफा

@टर्नटेबल, मी फ्लोअरवर असायचे. थाउजंड ओक्सच्या कुठल्याही वेटरला विचारा.

टर्नटेबल

ताई, तुमचं मानलं. कोल्ड्रिंक तिघींत म्हणालात तेव्हाच ओळखलं. नाचायला येणारे पीत नाहीत.

खवचट

आता मला एक विचारू द्या, सोनचाफा. काल तुझ्याबरोबर होते ते तुझे ज्युनियर. त्यांची अप्रेझल्स कोण करतं?

सोनचाफा

मी. एप्रिलमध्ये. का?

खवचट

मग वयाचं काय घेऊन बसलीस! बॉससमोर कोण मोकळं नाचणार? तू २८ची असतीस आणि त्यांचं रेटिंग तुझ्या हातात असतं, तरी पार्किंगमध्ये तोच जल्लोष ऐकू आला असता. बाउन्सर सोड, तो सगळ्यांना मॅडम म्हणतो. (हलके घ्या.)

नवी_पालवी

खवचटकाका बरोबर बोलतायत. आमची मॅनेजर ३१ची आहे, खूप गोड आहे, तरी ती गेल्यावरच आम्ही शॉट्स मागवतो. आणि ती बिल भरून जाते म्हणून तिला दुवा देतो. जल्लोष वाईट नसतो, खरंच.

सोनचाफा

दुपारपासून यावर विचार करतेय. पटतंय, आणि त्याने जास्तच त्रास होतोय. वयाचं दुखणं असतं तर निदान फिजिओथेरपी केली असती.

कारण कॅम्पात नाचताना त्या खोलीतल्या एकाही माणसाचं माझ्याकडे काही काम नव्हतं. कुणाला माझी सही नको होती, कुणाची रजा मंजूर करायची नव्हती, कुणाचा डबा नव्हता. कुणी बघितलं तरी एक पोरगी नाचतेय, एवढंच. आता अशी एकही खोली नाही. सोसायटीच्या गणपतीत मी खजिनदार. भाचीच्या संगीतमध्ये मी मोठी मामी, पहिल्या गाण्याला हात धरून ओढणार, दुसऱ्याला जेवणाचं बघायला पाठवणार. काल पबमध्ये गेले तेही टीम बिल्डिंगच्या बजेटमधून.

कल्याणस्लो

मरीन ड्राइव्हच्या कठड्याचं हेच होतं गं. घरच्यांच्या लेखी मी ऑफिसात, ऑफिसच्या लेखी घरी.

गिरणगावकर

आणि गाडी चारनंतर. अगदी.

सातारी_कंदी

मी टेम्पोतनं उतरतोय.

टर्नटेबल

बरं, मग एक करू का? सिस्टिम माझ्याच गोडाउनमध्ये पडून आहे, रेकॉर्डही आहेत, बुरशी पुसून घेतो. पुण्यात एखादा हॉल बघा. रविवार दुपार, ३ ते ७. आवाज डॉक्टर म्हणतील तेवढा. फोन दाराशी टोपलीत, हे नवी_पालवीसाठी. ओळख करून द्यायची नाही, कोण कुठे काम करतं विचारायचं नाही, इथली टोपणनावंच चालतील. टॉर्च कुणाकडे नसेल.

कानसेन

९० च्या वर गेलात तर मी मीटर घेऊन येईन. इअरप्लगचा खोका माझ्याकडून.

पेठकरीण

मी येतेय. २००५ ची गाणी चालतील. फक्त माझ्या लग्नातलं ते एक नको, नवरा पण येतोय.

मांडवी

मावशीला आणू? कार्निव्हल झालाय, ऑपरेशन व्हायचंय.

टर्नटेबल

मावशी हव्यातच.

हाउन्स्लोकर

मी डिसेंबरात पुण्यात आहे, तेव्हा ठेवा ना. दुपारी तीनला अंधार करायची काही सोय आहे का हॉलला? जाड पडदे वगैरे?

कल्याणस्लो

सातला नक्की संपेल ना? नाही, मला घाई नाहीये. उशीर होणार असेल तर परतीचं तिकीटच काढत नाही, स्टेशनवर बसेन.

खवचट

खुर्च्या असतील का?

टर्नटेबल

असतील. भिंतीला.